तारनाक्यात सापडलेला जिना

तमाम मराठी वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत जळून खाक झालेल्या एका लाकडी बेसबॉल-मैदानाचा जिना, जो त्या देशातल्या एकाही जाणकाराला आजवर सापडला नव्हता, तो आमच्या हैदराबादेतल्या तारनाक्याच्या दोन खोल्यांच्या घरात, एका बुधवारी सकाळी, पोह्यांची बशी बाजूला सारताना सापडला. जिना सुस्थितीत आहे. ज्यांना तो सापडला तेही सुस्थितीत आहेत. त्यांचा मुलगा, म्हणजे मी, तेवढा सुस्थितीत नाही, आणि ते का, हे सांगण्यासाठीच ही जाहीर सूचना. नावं कुणाचीच देणार नाही. नावांचा विषय आमच्या घरात सध्या जरा नाजूक आहे.

आधी धंदा सांगतो, कारण तो ऐकताना लोकांची तोंडं बघण्यासारखी होतात. मी मैदानं बांधतो. विटा-सिमेंटची नव्हे, कॉम्प्युटरवरची. हैदराबादच्या पश्चिमेला काचेच्या इमारतींचं जे रान माजलं आहे, त्यातल्या एकीच्या सातव्या मजल्यावर आमचं ऑफिस. परदेशातले लोक कॉम्प्युटरचे खेळ तयार करतात आणि त्यांतल्या भिंती, झाडं, बाकडी, दिव्यांचे खांब, कचऱ्याचे डबे आम्ही करून पाठवतो. माझी उमेदीची काही वर्षं नुसत्या कचऱ्याच्या डब्यांत गेली. पन्नाशी उलटल्यावर बढती मिळाली आणि मी डब्यांवरून मैदानांवर आलो.

गिऱ्हाईक होता अमेरिकेतला एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा. त्याचा खेळ असा, की जुन्या काळातले बेसबॉलचे संघ, जुने खेळाडू, जुनी मैदानं, सगळं मापानिशी कॉम्प्युटरमध्ये भरायचं आणि मग तेव्हाचा सामना आज खेळवून बघायचा. यात कुठली भिंत किती लांब होती याला फार महत्त्व. डावीकडची भिंत चुकून दहा फूट जवळ आली, तर सामान्य फलंदाज शूरवीर ठरतो आणि चांगला गोलंदाज उगाच बदनाम होतो. दोघंही मरून कैक वर्षं झालेली, पण म्हाताऱ्याला ते सहन व्हायचं नाही. व्हिडिओ कॉलवर तो हात जोडल्यासारखे करून म्हणायचा, “मेलेल्यांवर अन्याय नको.”

मला हा माणूस फार आवडायचा. जिवंतांच्या बाबतीत तो काय म्हणतो, हे मी कधी विचारलं नाही.

ती मैदानं म्हणजे एकेक नग. गावातल्या रस्त्यांच्या मध्ये जी जागा उरली ती कुंपण घालून मैदान म्हणायची. कुठे एक बाजू आखूड, कुठे सीमेजवळ टेकाड, कुठे प्रेक्षकांच्या घोडागाड्या थेट मैदानात उभ्या. सगळं लाकडाचं, त्यामुळे एकामागून एक जळून गेलं. मागे उरलं काय, तर दोन-तीन धुरकट फोटो, आगीचा विमा करणाऱ्यांनी काढलेले नकाशे आणि वर्तमानपत्रांची कात्रणं. एवढ्यावरून आम्ही मैदान उभं करायचं.

आणि आम्ही कोण? आमच्या सातव्या मजल्यावर एकानंही जन्मात बेसबॉल पाहिलेलं नव्हतं. पहिलं मैदान आम्ही दीड महिना राबून केलं. छान लंबगोल केलं, भोवती दोरी लावली आणि मधोमध, अगदी मापून मधोमध, फलंदाजाची जागा ठेवली. कडेला खेळपट्टीवर फिरवायचा लोखंडी रोलरसुद्धा ठेवला, खास माझ्या सूचनेवरून. म्हाताऱ्याचं उत्तर आलं की काम अतिशय सुंदर आहे, फक्त फलंदाजाच्या पाठीमागे एवढं मोठं हिरवं रान का सोडलं आहे ते कळलं नाही. आणि ते लोखंडी यंत्र कशाचं?

तेव्हा आम्हाला कळलं, की बेसबॉलचा फलंदाज मैदानाच्या मध्यावर उभा राहत नाही. तो उभा राहतो कोपऱ्यात, आणि मैदान त्याच्यासमोर हातपंख्यासारखं उघडत जातं. घरी येऊन मी ही फजिती नाट्यमय हातवाऱ्यांसह सांगितली. बायको हसली. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, “बराबर हाय. कोपऱ्यातून जास्त दिसतं.”

बाबा या गोष्टीत इथून शिरतात.

माझे वडील नांदेडकडच्या एका खेड्यातून सिकंदराबादला आले आणि रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. ट्रेसर म्हणजे साहेबानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरून तो शाईनं उतरवून काढणारा माणूस. आता ही जातच संपली. बाबांच्या कामाचा एकच नियम होता आणि तो त्यांनी मला शाळेत असताना पट्टीनं शिकवला: जे दिसतं तेच काढायचं, जे असायला पाहिजे ते काढायचं नाही.

रेल्वेच्या प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तीत तीन खाने. काढणारा कोण, ट्रेस करणारा कोण, तपासणारा कोण. ज्यानं त्यानं आपल्या नावाची आद्याक्षरं आपल्या खान्यात घालायची. आता, बाबांच्या साहेबांचा हात थरथरायचा, त्यामुळे मूळ नकाशासुद्धा बाबाच काढायचे. पण काढणाऱ्याच्या खान्यात अक्षरं साहेबांची. तपासणाऱ्याच्या खान्यात मोठ्या साहेबांची. आणि ट्रेस करणाऱ्याच्या खान्यात साहेबांच्या गावाहून आलेल्या एका कारकुनाची, ज्याला शाईची बाटली कुठल्या बाजूनं उघडते हे ठाऊक नव्हतं; पण त्याला बढतीसाठी काहीतरी दाखवायला हवं होतं. बाबा चौथे. चौथा खाना नव्हता.

नामपल्लीला जाताना वाटेत एका स्टेशनावर पादचारी पूल लागतो. गाडी त्याच्याखालून गेली की बाबा खिडकीच्या गजावर दोन बोटं वाजवायचे आणि म्हणायचे, “हा माझा.” लहानपणी मला वाटायचं की पूल खरोखरच आमच्या मालकीचा आहे, आणि आम्ही मग भाड्याच्या घरात का राहतो हे कोडं मला पुष्कळ दिवस सुटलं नाही.

एकदा मी विचारलं, “बाबा, साहेब म्हणजे कोण?”

“काढत न्हाई पन सही करतो, तो.”

“मग मी मोठेपणी साहेब होणार,” मी जाहीर केलं.

घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी वाजवल्या नाहीत.

तर तो बुधवार. आठवड्यातून दोन दिवस मला घरून काम करायची मुभा आहे. तिसरं मैदान चालू होतं आणि ते काही केल्या बसत नव्हतं. त्याचा एकच धड फोटो होता, मुख्य प्रेक्षागृहाच्या छतावरून घेतलेला. समोर मैदान, पलीकडच्या कडेला बिनछपराच्या फळ्या, त्यांवर उन्हात बसलेली स्वस्तातल्या तिकिटाची माणसं. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. त्यांचा एक डोळा काचबिंदूनं गेलेला, दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. स्क्रीनकडे बघितलं की त्या डोळ्यातून पाणी यायचं.

“कागदावर आन की,” ते म्हणाले. “काचेवर काय दिसतंय डोंबल.”

मी शेजारच्या हबशीगुड्याच्या झेरॉक्सवाल्याकडून फोटोची मोठी प्रत काढून आणली. बाबांनी पलंगाखालची ट्रंक ओढली, तिच्यातून पिवळा पडलेला ट्रेसिंग पेपरचा गुंडाळा काढला, फोटोवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि डोळ्याला भिंग लावून पेन्सिल चालवायला सुरुवात केली. ऐंशीच्या घरातला हात, पण रेघ अशी निघाली की मी आपला माऊसवरचा हात गुपचूप मांडीवर ठेवला.

पोहे आले, निवले. बायको म्हणाली, “मामा, खाऊन घ्या आधी, मैदान कुठं पळून जात नाही. जळून गेलंय ते.” सासऱ्यांना ती मामा म्हणते. बाबांनी बशी कोपरानं बाजूला सारली आणि तिथेच पेन्सिल टेकवून ते थांबले.

“ही मानसं वर कुटून चढली?”

“कुठली माणसं?”

“ही.” फळ्यांच्या रांगेच्या अगदी शेवटी, मध्ये एक उभं लाकडी कुंपण सोडून, आणखी एक आखूड तुकडा होता. माणसांनी गच्च भरलेला. “दार हितं हाय, थोरल्या मांडवापाशी. दारातून आत आलेला मानूस ह्या फळ्यांपर्यंत जातो. फुडं कुंपन. मग ही पलीकडची मानसं काय आभाळातून पडली?”

“बाबा, फोटोच नीट नाही तो.”

“फोटो नीट हाय. हे बघ.” त्या तुकड्याच्या मागून, कुंपणाच्या वर, दोन तिरक्या रेघा निघालेल्या आणि त्यांच्यामध्ये केसासारख्या बारीक आडव्या रेघा. आमच्या ऑफिसातल्या मंडळींनी तो फोटोवरचा ओरखडा समजून पुसून टाकला होता. मीच सांगितलं होतं पुसायला. बाबांनी न विचारता तो जसाच्या तसा उतरवला होता. “जिना हाय हा. भायेरच्या गल्लीतून येतो. ह्या लोकांची वाट निराळी हाय.”

मी विचारलं की हे एवढं खात्रीनं कसं सांगता.

बाबांनी भिंग खाली ठेवलं. “आमच्या गावात कुस्त्यांचा फड भरायचा. आमी वढ्याच्या अंगानं यायचो. कुनी म्हनलं न्हाई की निराळं बसा. वाटच निराळी, तर बसायची जागा आपोआप निराळी व्हती.” मग त्यांनी बशी ओढून घेतली. “पोहे गार झाले की गं.”

मी ट्रेसिंगचा फोटो काढून अमेरिकेला पाठवला. दोन दिवसांत म्हाताऱ्याचं एवढं लांब पत्र आलं की मधे चहा घ्यावा लागला. त्यानं कात्रणांचं आख्खं खोकं पुन्हा उपसलं होतं आणि एका जुन्या जाहिरातीत, तळाशी, बारीक अक्षरांत त्याला ते सापडलं होतं: काळ्या प्रेक्षकांनी मागच्या गल्लीतल्या जिन्यानं यावं, तिकीट तेवढंच पडेल. कित्येक वर्षं ती ओळ त्याच्या घरात होती आणि त्यानं ती वाचली नव्हती. जिना खेळात जाणार, असं त्यानं ठणकावून लिहिलं होतं. आणि ज्यानं तो शोधला त्याचं नाव खेळाच्या शेवटच्या यादीत जाणार, ‘ऐतिहासिक संशोधन’ या मथळ्याखाली, एकट्याचं.

मी बाबांना पत्र वाचून दाखवलं, आवाज चढवून, जणू राष्ट्रपती भवनातून आलं आहे. शेवटी म्हणालो, “बाबा, तुमचं नाव येणार. अख्खं. आद्याक्षरं नाही, अख्खं नाव, साऱ्या जगात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मला उशीखाली कागदाची चिठ्ठी सापडली. तिच्यावर त्यांचं पूर्ण नाव, इंग्रजीत, रेल्वेच्या नकाशावर लिहितात तशा तिरप्या मोठ्या अक्षरांत, वर-खाली पेन्सिलीच्या पुसट रेघा मारून मग शाईनं लिहिलेलं. खाली मराठीत: ‘सर्विस बुकात असेच आहे. चुकू नये.’ ती चिठ्ठी मी पाकिटात ठेवली. अजून तिथेच आहे.

आता माझी पाळी. ही पाळी मला टाळता आली असती तर हा लेख मी लिहिला नसता, आणि लिहिला असता तर तुम्हाला हसवून घरी पाठवलं असतं.

आमच्या ऑफिसचा प्रमुख पुण्याहून आलेला एक हुशार तरुण आहे. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मी त्याला सर म्हणतो, तो मला काका म्हणतो, आणि या व्यवहारात कोण वरचढ आहे हे दोघांनाही नीट माहीत आहे. माझी ‘हौ’ आणि ‘नक्को’वाली मराठी ऐकली की त्याला कौतुक वाटतं. “काका, तुमचं मराठी म्हणजे बिर्याणीवर श्रीखंड,” असं तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला. मी म्हणालो, “हौ सर, तुमचं नुसतं श्रीखंड. उपवासाला बरं.” माणूस वाईट नाही. त्याच्या हातात त्या महिन्यात एक यादी होती, एवढंच. बाकडी, भिंती, प्रेक्षक आता यंत्र आपलं आपण करतं, तेव्हा माणसं कमी करायची होती. यादी त्याच्या ड्रॉवरमध्ये आहे हे सातव्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. पन्नाशीच्या पुढचा मी एकटाच होतो.

आणि दुसरी गोष्ट. कामावर लागताना मी एका कागदावर सही केली होती, की गिऱ्हाइकाची कुठलीही वस्तू ऑफिसबाहेरच्या माणसाला दाखवणार नाही. बाप हा त्या कागदाच्या दृष्टीनं बाहेरचा माणूस.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल झाला. पडद्यावर म्हातारा, डोळ्यांत पाणी, मागे पुस्तकांचं कपाट. इकडे टेबलाशी आम्ही पाच-सहा जण, मध्ये सर. म्हाताऱ्यानं विचारलं, “तो जिना कुणी शोधला? मला त्याचा चेहरा बघायचा आहे.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी गोष्टीवेल्हाळ माणूस आहे; लग्नात, मयतीत, गाडीच्या रांगेत, कुठेही मला बोलायला सांगा, मी दोन तास बोलीन. तेव्हा बोलायचं होतं एकच वाक्य. तारनाक्याच्या घरात माझे वडील आहेत, रेल्वेतले जुने ट्रेसर, त्यांनी. संपलं. पाकिटातली चिठ्ठी मला मांडीला लागत होती.

मी म्हणालो, “मी.”

इंग्रजीत तर ते एकच अक्षर आहे. श्वाससुद्धा लागत नाही.

म्हाताऱ्यानं पडद्यापलीकडून टाळ्या वाजवल्या. मग इकडच्यांनी वाजवल्या. म्हातारा म्हणाला की तुमच्या नजरेला सलाम, अशी नजर शिकवून येत नाही. मी मान झुकवून सलाम स्वीकारला. नट आहे मी, कुठे काय करायचं हे मला कळतं. कॉल संपल्यावर सर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “काका, वाचवलंत बघा स्वतःला.” ते गमतीनं म्हणाले. यादीतून माझं नाव गेलं हे त्याच दिवशी कळलं.

घरी फक्त बायकोला सांगितलं, स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीत.

ती म्हणाली, “मग आता मामांना काय सांगणार?”

“सगळा विचार केलाय,” मी म्हणालो. आणि खरंच केला होता, बसमध्ये, तासभर. “माझं अख्खं नाव देतो. माझं नाव, मधे बाबांचं, मग आडनाव. आपल्यात तशीच पद्धत आहे ना? म्हणजे बाबांचं नाव आलंच की! आडनाव पण तेच. तिनांतले दोन शब्द त्यांचे. हिशेबानं माझ्यापेक्षा जास्त त्यांचंच नाव छापलं जाणार.”

बायकोनं कुकर उतरवला. “या घरात वकिलाची गरज नाही,” ती म्हणाली.

सोमवारी मी तीन शब्दांचं नाव फॉर्मवर लिहिलं, मधला शब्द चिठ्ठीतून बघून, एकेक अक्षर तपासून. चुकू नये म्हणून.

खेळ बाजारात यायला आठ महिने लागले. बाबा दर पंधरा दिवसांनी विचारायचे, “आलं का रं?” मी म्हणायचो, येतंय. मध्यंतरी त्यांनी बुद्धविहारात दोघा-तिघांना सांगितलं. आणि त्यांच्या जुन्या ड्रॉइंग ऑफिसातला एकमेव हयात मित्र, नकाशांच्या निळ्या प्रती काढणारा, मलकाजगिरीला राहणारा एक तेलुगू म्हातारा, त्याला तर फोनवर रोज सांगत होते. हे दोघं आपसात दखनीत बोलतात. “अपना नाम आ रा टीवी पे,” बाबा ओरडून सांगायचे, कारण मित्राला कमी ऐकू येतं. “साब लोगां का नै, अपना!”

शेवटी एका रविवारी, विहारातून आल्यावर, दुपारी चारला समारंभ ठरला. बाबांनी पांढरा शर्ट घातला. मित्र खारी बिस्किटांचा पुडा घेऊन रिक्षातून आला. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला, हातात लाटणं माइकसारखं धरलं आणि निवेदन सुरू केलं. “सज्जनहो! तुमच्यापुढे सादर होत आहे एक मैदान, जे आगीनं खाल्लं आणि तारनाक्यानं परत काढलं!” मी तेव्हा फार रंगात होतो. घाबरलेला माणूस नेहमी रंगात असतो.

मैदान आलं. ऊन, फळ्या, कुंपण. मी कॅमेरा बाहेरच्या गल्लीतून नेला आणि तो जिना दाखवला, पायरी न् पायरी. बाबा उठून टीव्हीला नाक लावून भिंगातून बघत राहिले.

“मानसं चढतात का ह्याच्यावरून?”

“नाही बाबा. प्रेक्षक यंत्र भरतं. ती एकदम फळ्यांवर बसलेलीच येतात.”

“बरं हाय त्यांचं,” बाबा म्हणाले.

मग यादी. काळ्या पडद्यावर पांढरी नावं, खालून वर सरकणारी. मी घसा साफ केला. मनात सगळी तालीम झाली होती. आपलं नाव हळू म्हणायचं, मधलं नाव खणखणीत म्हणायचं, आडनावावर स्वर लांबवायचा, आणि टाळ्या लगेच आपणच सुरू करायच्या. ‘ऐतिहासिक संशोधन’ हा मथळा वर आला आणि मी न बघताच म्हणून टाकलं. तिन्ही शब्द. मधल्यावर असा जोर दिला की शेजारचा कुत्रा भुंकला.

टाळी मी एकट्यानंच वाजवली.

बाबांचा मित्र चष्मा वर-खाली करून पडद्याकडे बघत होता. माझं ओरडणं त्यालाही ऐकू गेलं होतं, आणि त्याचे डोळे शाबूत आहेत. तो म्हणाला, “ठैरो मियाँ. तुम पूरा नाम पढ़ रै. उधर तो बीच में एकीच अच्छर है, बाजू में टिपका.”

बायकोनं रिमोट उचलून यादी थांबवली. ती हे टाळू शकली असती. नाव सरकून वर गेलं असतं.

मी बघितलं. पहिलं माझं नाव, अख्खं. शेवटी आडनाव, अख्खं. आणि मध्ये माझ्या वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर आणि एक टिंब. अमेरिकेत तशीच पद्धत आहे. मधलं नाव ते लोक पूर्ण लिहीत नाहीत. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. कुणी म्हणालं नव्हतं की तुम्ही निराळे बसा.

“बाबा, ते त्यांच्याकडे असं आखूड करतात,” मी म्हणालो. लाटणं अजून हातात होतं. “ते अक्षर म्हणजे तुमचंच नाव. तुम्हीच आहात ते. मी अख्खं दिलं होतं, शपथ.”

बाबांनी भिंग त्या अक्षरावर धरलं. मग सावकाश डावीकडे, माझ्या नावावर नेलं. मग वर, मथळ्यावर. काचेवर त्यांचं बोट चौकट काढावी तसं त्या ओळीभोवती एकदा फिरलं. मला वाटलं आता ते म्हणतील, असू दे. ते नेहमी तेच म्हणतात.

ते वळले, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या लाटण्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं:

“घ्या! आपल्या घरात बी निघाला की एक साहेब!”